पाटीवरची शिरोरेषा एका टोकाला जाड का झाली? घरगुती सीएनसी राउटरच्या झेड ॲक्सिसची गोष्ट

माझ्या एका मित्राने गच्चीवरच्या खोलीत सीएनसी राउटर जोडला. सुटे भाग ऑनलाइन मागवले, फ्रेम स्वतः कापली, रात्री जागून वायरिंग केलं. पहिलं काम ठरलेलंच होतं, आईवडिलांच्या नावाची दारावरची पाटी. मशीन चालू झालं, भुसा उडाला, पाटी तयार झाली आणि घरच्यांनी टाळ्याही वाजवल्या.

पण नीट पाहिल्यावर गंमत कळली. पहिल्या शब्दाची शिरोरेषा बारीक, दुसऱ्याची जाड आणि आडनावाची तर थेट मार्करने ओढल्यासारखी. इंग्रजी अक्षरांत हा फरक कदाचित झाकला गेला असता. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ असते, त्यामुळे मशीनची चूक लपायला जागाच उरत नाही.

ही चूक ज्या भागात होते त्याचं नाव झेड ॲक्सिस, म्हणजे मशीनचा उभा अक्ष. घरी राउटर बनवणारे बहुतेक जण लांबी-रुंदीचा विचार करतात, चार बाय चारची शीट बसेल का वगैरे. झेड शेवटी 'बसवून टाकू' म्हणून राहतो आणि नंतर तोच सगळ्यात जास्त रडवतो.

आधी मशीन समजून घेऊ

सीएनसी राउटर म्हणजे तीन दिशांना हलणारं, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं कोरकामाचं मशीन. एक्स म्हणजे डावी-उजवी, वाय म्हणजे पुढे-मागे आणि झेड म्हणजे वर-खाली. टेबलावर आडवा पूल असतो, त्याला गॅन्ट्री म्हणतात. या पुलावरून एक गाडी डावी-उजवीकडे सरकते. त्या गाडीवर झेड बसतो, झेडवर स्पिंडल म्हणजे फिरणारी मोटर आणि स्पिंडलच्या तोंडात कापणारं बिट.

म्हणजे झेड या साखळीतली शेवटची कडी आहे. टेबल, पूल, गाडी या सगळ्यांची ढिलाई त्याच्यापर्यंत येऊन साठते आणि त्याचं स्वतःचं वजन बाकीच्यांना वाहावं लागतं. त्यात हा एकच अक्ष असा आहे की ज्याला सतत गुरुत्वाकर्षणाशी झगडावं लागतं. एक्स आणि वाय मोटर बंद केली तर जागेवर राहतात. झेड राहीलच असं नाही.

कॉम्प्युटरच्या आकड्यांवर मशीन चालवायची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र अचूक कसे कापायचे या प्रश्नाशी झुंजत होते. त्यातून पुढे एमआयटीने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं तीन अक्षांचं मिलिंग मशीन जगाला दाखवलं. तेव्हा त्याचा कंट्रोल व्हॅक्यूम ट्यूबचा होता. आज तेच काम अर्डुइनोच्या छोट्याशा बोर्डवर चालणारं 'जीआरबीएल' नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. कंट्रोल खिशात मावेल इतका झाला, पण लोखंड-ॲल्युमिनियमचे नियम तेव्हा होते तेच आजही आहेत.

मग पाटी बिघडली कशामुळे?

पाट्या कोरायला व्ही आकाराचं बिट वापरतात. हे बिट जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. ९० अंशाच्या बिटचा हिशोब सोपा आहे, रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट. २ मिमी खोल गेलं तर रेघ ४ मिमी. खोलीत ०.३ मिमी फरक पडला की रुंदीत ०.६ मिमी फरक, आणि तो डोळ्याला लगेच दिसतो. ६० अंशाचं बिट थोडं माफ करतं, कारण तिथे रुंदी खोलीच्या साधारण १.१५ पट असते.

आता खोली बदलायची दोन मुख्य कारणं. एक, लाकूड किंवा टेबल सपाट नाही. दुसरं, झेडची मोटर मध्येच पावलं चुकवते. घरगुती मशीनमधल्या स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे कळत नसतं. कंट्रोलर सांगतो, '४०० पावलं वर जा', आणि ती गेली असं धरून चालतो. वर उचलताना वजन पेलवलं नाही तर मोटर ३८० पावलंच जाते. पुढच्या वेळी '४०० खाली' म्हटलं की ती व्यवस्थित खाली येते, कारण उतरताना वजन मदतीलाच असतं. झालं! बिट आधीपेक्षा २० पावलं जास्त खोल. प्रत्येक उचलीला हेच होत राहिलं की काम पुढे सरकेल तशी रेघ जाड होत जाते.

कारण ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तीच फाइल उलट क्रमाने कोरायची. जाड रेघ टेबलाच्या त्याच बाजूला आली तर दोष सपाटीचा. जाड रेघ जागा बदलून पुन्हा शेवटी कोरलेल्या शब्दावर आली तर दोष झेडच्या मोटरचा. मित्राच्या बाबतीत दुसरं निघालं.

स्क्रू कोणता घ्यायचा, इथेच अर्धी लढाई

मोटर गोल फिरते, आपल्याला हवी सरळ रेषेतली हालचाल. ते काम आटे असलेला स्क्रू आणि त्यावरचा नट करतो. थ्रीडी प्रिंटरमुळे सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा स्क्रू म्हणजे टी८, जाडी ८ मिमी. मित्रानेही तोच घेतला होता. पण टी८ नावाखाली वेगवेगळे स्क्रू विकले जातात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका प्रकारात एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो, दुसऱ्यात फक्त २ मिमी. या सरकण्याला लीड म्हणतात.

८ मिमी लीडचा स्क्रू वेगवान असतो, पण त्याचे आटे इतके तिरके असतात की मोटर बंद केली की वजनाने नट आपोआप फिरत खाली येऊ शकतो. २ मिमी लीडचे आटे जवळजवळ आडवे, त्यामुळे घर्षणच नटाला धरून ठेवतं. ते हळू चालतं पण घसरत नाही. शिवाय तेवढ्याच मोटरला चौपट कमी लीडमुळे वजन उचलायला खूप सोपं जातं. हलका ट्रिमर लावलेल्या छोट्या मशीनच्या झेडला माझ्या मते २ मिमी लीडच बरं.

पुढची पायरी बॉलस्क्रूची. यात नटाच्या आत पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे घर्षण फार कमी आणि नटाची हलहल जवळजवळ नाही. घरगुती मशीनमध्ये १२०४ आणि १६०५ हे दोन आकार सर्रास दिसतात. पहिले दोन आकडे जाडीचे, पुढचे दोन लीडचे. १२०४ म्हणजे १२ मिमी जाड, ४ मिमी लीड. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे ८ तुकडे केले तर १६०० तुकड्यांत ४ मिमी, म्हणजे १ मिमीला ४०० तुकडे. कागदावर ही अचूकता ०.००२५ मिमी होते. कागदावर असं म्हणतोय, कारण प्रत्यक्षात प्लेट, रेल आणि बिट यांचं वाकणं याच्या कितीतरी पट असतं. विक्रेत्याच्या पानावरच्या या आकड्याला फार भुलू नका.

लाइट गेली तर?

हा प्रश्न परदेशी व्हिडिओंत क्वचित येतो. आपल्याकडे, खासकरून उन्हाळ्यात, तो पहिल्याच आठवड्यात येतो.

बॉलस्क्रूचं कमी घर्षण हाच इथे त्याचा अवगुण होतो. समजा २.२ किलोवॅटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल घेतला. ८० मिमी जाडीचा हा स्पिंडल साधारण पाच किलोचा असतो. त्यात क्लॅम्प आणि प्लेट धरून आठ किलो, म्हणजे सुमारे ८० न्यूटन. ५ मिमी लीडच्या बॉलस्क्रूवर हे वजन मोटरला उलटं फिरवायला साधारण ०.०६ न्यूटन-मीटर जोर लावतं. आकडा किरकोळ वाटतो. पण वीज नसताना नेमा २३ आकाराच्या मोटरमधलं चुंबक जो विरोध करतं, तोही जवळपास त्याच घरातला असतो. म्हणूनच एका मशीनवर वीज गेल्यावर स्पिंडल जागीच राहतो, तर तशाच दुसऱ्या मशीनवर हळूहळू खाली उतरतो. १० मिमी लीडचा स्क्रू असेल तर जोर दुप्पट होतो आणि मग तो थेट खालीच येतो.

खाली येताना काय होतं? वीज गेल्यावरही स्पिंडल काही सेकंद गरगरत असतो. फिरतं बिट लाकडात रुततं, लाकूड जळतं, बिट तुटतं. आणि त्या वेळी कुणाचा हात खाली असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून बिट बदलताना नुसतं स्विच बंद करून भागत नाही. स्पिंडलच्या खाली लाकडाचा ठोकळा टेकवून मगच हात घालायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, बाकी सगळं नंतर.

कायमचा इलाज हवा असेल तर तीन वाटा आहेत. वीज गेली की आपोआप पकडणारा ब्रेक असलेली मोटर घ्यायची, ही सगळ्यात खात्रीची आणि महागही. दुसरी वाट म्हणजे गाडीच्या डिकीला असतो तसा गॅस स्प्रिंग वजनाइतक्या जोराचा लावायचा. तिसरी म्हणजे घसरणारच नाही असा कमी लीडचा साधा लीडस्क्रू. गॅस स्प्रिंगबाबत एक बारीक मुद्दा आहे. नटात थोडी ढिलाई असली तरी स्पिंडलचं वजन तिला नेहमी एकाच बाजूला दाबून ठेवतं, त्यामुळे ती जाणवत नाही. स्प्रिंगने वजन पूर्ण उचलून धरलं की ती लपलेली ढिलाई बाहेर येते. म्हणून स्प्रिंग वजनापेक्षा जरा कमी किंवा जास्त जोराचा असावा, बरोबर तेवढ्याच जोराचा नको.

आणि हो, लाइट परत आली की काम 'जिथे थांबलं तिथून' सुरू करायचा मोह टाळा. मशीनला आता आपली जागा माहीत नसते. पुन्हा होमिंग करावंच लागतं.

उंची किती ठेवायची?

नवखे इथे हमखास चुकतात. 'असू दे थोडं जास्त' म्हणत २०० मिमीचा प्रवास ठेवतात. आपण कापणार काय? बहुतेक वेळा १८ मिमीची प्लाय किंवा एमडीएफ. त्यावर क्लॅम्पची उंची १५ मिमी आणि वर ५ मिमी मोकळी जागा धरली तर ३८ मिमी झाले. बिट बदलायला वर सरकवायची सोय धरूनही ८० ते १०० मिमी पुष्कळ होतात.

जास्त प्रवासाची किंमत कडकपणात मोजावी लागते. एका टोकाला पकडलेली पट्टी दुसऱ्या टोकाला दाबली तर तिचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दुप्पट तर वाकणं आठपट. झेड खाली लोंबेल तसा हाच नियम लागू होतो. बिटलाही तो लागतोच, वर जाडीचा नियम त्याहून कडक. ६ मिमीच्या जागी ३ मिमीचं बिट लावलं तर ते १६ पट जास्त वाकतं. त्यामुळे बिट कोलेटमध्ये पकडताना गरजेपुरतंच बाहेर ठेवायचं.

मात्र नुसता प्रवास मोजून चालत नाही, पुलाखालची मोकळी जागाही पाहावी लागते. पुलाखाली १०० मिमी जागा आहे, पण बिट ४० मिमी खाली लोंबतंय आणि झेड आणखी वर जात नाही, तर ७० मिमी उंच ठोकळा आत सरकणारच नाही. झेड पूर्ण वर गेल्यावर बिटचं टोक पुलाच्या खालच्या कडेपर्यंत यावं, असा हिशोब धरा.

रेल कुठे, ब्लॉक कुठे?

झेड सरळ वर-खाली जावा म्हणून दोन उभ्या रेल आणि त्यावर सरकणारे चार ब्लॉक लागतात. गोल दांड्यांपेक्षा चौकोनी लिनियर रेल कितीतरी कडक. १५ मिमीची रेल लाकडासाठी भरपूर आहे, छोट्या मशीनला १२ मिमीची मिनिएचर रेलही चालते.

खरा प्रश्न पुढे आहे. रेल गाडीवर पक्क्या बसवून ब्लॉक हलवायचे, की ब्लॉक गाडीवर पक्के करून रेल हलवायच्या? पहिल्या पद्धतीत खालच्या ब्लॉकपासून बिटपर्यंतचं अंतर नेहमी सारखं राहतं. पण रेलची खालची टोकं पुलाखाली लोंबत राहतात आणि क्लॅम्पला धडकतात. दुसऱ्या पद्धतीत रेल स्पिंडलच्या प्लेटबरोबर वर जातात, खाली काही लोंबत नाही, आणि प्लेटला पाठीमागून दोन पोलादी कणे मिळाल्यासारखे होतात. तोटा इतकाच की जितकं खाली जाल तितकं बिट ब्लॉकपासून लांब जातं. प्रवास ८०-१०० मिमी ठेवला असेल तर हा तोटा सोसण्यासारखा आहे. मला दुसरी पद्धत पटते.

वरच्या आणि खालच्या ब्लॉकमध्ये अंतर भरपूर ठेवा. ब्लॉकमध्ये ०.०२ मिमी ढिलाई आहे आणि बिटचं टोक खालच्या ब्लॉकच्या १५० मिमी खाली आहे असं धरू. ब्लॉक एकमेकांपासून १०० मिमीवर असतील तर टोक ०.०३ मिमी हलेल. ते ५० मिमीवर आणले तर ०.०६. खर्च शून्य, फरक दुप्पट.

प्लेटसाठी १२ मिमी ॲल्युमिनियम हा बहुतेकांचा आवडता पर्याय. ६ मिमी प्लेटपेक्षा ती आठपट कमी वाकते. पोलाद ॲल्युमिनियमच्या तिप्पट कडक, पण वजनही जवळपास तिप्पट, आणि ते वजन पुलाला डावी-उजवीकडे ओढत फिरावं लागतं. थर जितके जाड तितका स्पिंडल पुलापासून लांब जातो आणि पुलाला पिळ बसतो. म्हणून शक्य तिथे थर बारीक ठेवायचे. स्पिंडलही क्लॅम्पमध्ये जितका खाली, म्हणजे कोलेटजवळ, पकडता येईल तितका बरा.

मोटरवर वजन टांगू नका

मित्राच्या मशीनमधला मूळ दोष इथेच सापडला. स्क्रू थेट कपलिंगने मोटरला जोडला होता, वर दुसरा आधारच नव्हता. ते कपलिंग चकलीसारखे चिरे पाडलेलं, स्प्रिंगसारखं लवचिक. ट्रिमर, प्लेट, सगळ्याचं वजन त्या स्प्रिंगवर टांगलेलं. वर उचलताना ते ताणायचं, बिट लाकडात घुसताना दबायचं. त्यात गोल दांड्या पूर्ण समांतर नव्हत्या, म्हणून वरच्या टोकाला नट अडकायचा आणि मोटर पावलं चुकवायची.

स्क्रूचं एक टोक नेहमी अशा बेअरिंगमध्ये धरायचं की जे वर-खालचा जोर झेलेल. बॉलस्क्रूसाठी तयार ठोकळे मिळतात. १२०४ साठी बीके१० आणि १६०५ साठी बीके१२. दुसऱ्या टोकाला बीएफ नावाचा साधा आधार. मग मोटरचं काम फक्त फिरवण्याचं उरतं.

मोटर लहान घेतली म्हणून झेड पावलं चुकवतो, असा समज आहे. बहुतेक वेळा खरं कारण वेग असतं. स्टेपर मोटरचा जोर वेग वाढेल तसा घटतो. जीआरबीएलमध्ये झेडचा कमाल वेग ११२ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये आणि प्रवेग १२२ मध्ये असतो. दोन्ही निम्मे करून पाहा. पावलं चुकायची थांबली तर नवी मोटर घ्यायची गरज नाही. पण रेल अडकत असेल तर हा इलाज तात्पुरता आहे. मोटर सोडवून प्लेट हाताने वर-खाली करून पाहायची. कुठेही जड लागता कामा नये.

ओळंबा नाही, डायल गेज

गवंडी भिंत ओळंब्याने तपासतो. इथे ओळंबा चालत नाही, कारण झेड जमिनीला नाही तर टेबलाला काटकोनात हवा. त्यासाठी स्पिंडलमध्ये आडवी दांडी पकडून तिच्या टोकाला डायल गेज लावतात आणि स्पिंडल हाताने फिरवतात. चारही बाजूंना आकडा सारखा आला पाहिजे. दांडी १०० मिमीची असेल आणि समोरासमोरच्या दोन बाजूंत ०.१ मिमी फरक आला, तर २५ मिमी रुंदीच्या बिटने टेबल सपाट करताना पट्ट्यांमध्ये ०.०१२ मिमीच्या आसपास पायरी पडेल. लाकडाला एवढं चालतं. बोटाला पायरी लागत असेल तर प्लेटखाली पत्र्याचा तुकडा सरकवायचा. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो, आणि घरगुती मशीनवाल्यांचा तो लाडका माल आहे.

होमिंगचा स्विच नेहमी वरच्या टोकाला लावा. मशीन चालू झालं की सगळ्यात आधी झेड वर जातो, मग एक्स-वाय हलतात. उलटं झालं तर बिट क्लॅम्पमधूनच रस्ता काढेल. लाकडाची वरची पातळी शोधायला ज्ञात जाडीची धातूची पट्टी बिटखाली ठेवतात. बिट टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि मशीन शून्य लक्षात ठेवतं. कागदाचा कपटा सरकवून अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं, विशेषतः पाट्यांसाठी.

मित्राने शेवटी बॉलस्क्रू घेतलाच नाही. २ मिमी लीडचा टी८, वरच्या टोकाला जोर झेलणारं बेअरिंग, गोल दांड्यांच्या जागी दोन मिनिएचर रेल, आणि वेग निम्मा. पाटीला आधीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. तिन्ही शब्दांची शिरोरेषा सारखी आली. जुनी पाटी आता गच्चीवरच्या खोलीच्या दारावर आहे.